दोन उस्ताद आणि एक सैल चेन

अब्बांची जुनी रिक्षा आता फक्त अंगणात सुरू होते. 2004 सालची, फोर स्ट्रोक, मागे इंजिन असलेली. परमिट केव्हाच नव्या गाडीवर गेलं. हिला मात्र अब्बांनी भंगारात जाऊ दिलं नाही. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर ते तिची लिव्हर ओढतात, पाच मिनिटं इंजिन ऐकतात आणि बंद करतात. अम्मी म्हणते, या माणसानं माझी तब्येत इतक्या नेमानं कधी विचारली नाही.

रमजानच्या आधी एका शुक्रवारी त्यांनी इंजिन अर्ध्या मिनिटातच बंद केलं. "चेन बोल रही है," म्हणाले. मला फक्त खरखर ऐकू आली होती. त्यांनी समजावलं. टॅपेट सैल असेल तर टिकटिक येते, घड्याळासारखी, एका मापात. हा आवाज तसा नाही. हा घासल्यासारखा आहे, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की वाढतो. इंजिनाच्या आत, डोक्याकडच्या बाजूला टायमिंग चेन असते, ती सैल झाली आहे. कानाला मशीन लावणारा माझा बाप हे नुसतं ऐकून सांगत होता.

ज्या मुलाला बोलावलं तो माझा विद्यार्थी. आता मुलगा कसला, तिशीचा बाप्या आहे. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली दोन पोरं आहेत. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात चूक माझी आहे आणि त्याच्या नावाची त्यात गरज नाही. साधारण 2010 ची गोष्ट. तो नववीत होता, मी त्यांना मराठी शिकवायचे. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी कसं जड जातं हे मला ठाऊक होतं, तरीही निबंधाची कोरी वही पाहून मी सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, "पढ़ोगे नहीं तो पंक्चर निकालते बैठोगे." वर्ग हसला. तोही हसला. दहावीत तो माझ्याच विषयात नापास झाला आणि शाळेत पुन्हा आला नाही.

त्या वाक्यात वेगळं काही नव्हतं. आमच्या स्टाफरूममध्ये ते रोज कुणीतरी म्हणतंच. पण हेच वाक्य बाहेरचं कुणी बोललं की आम्हाला झोंबतं. 14 एप्रिल 2025 ला हिसारच्या सभेत पंतप्रधान म्हणाले की वक्फच्या मालमत्ता प्रामाणिकपणे वापरल्या असत्या तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चर काढून जगावं लागलं नसतं. केवढा संताप झाला. मीही रागावले. मोबाइलवर चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. आणि मग पाठवल्याच नाहीत, कारण तो कोऱ्या वहीचा वर्ग आठवला. त्यांनी हिंदीत म्हटलं होतं, मी उर्दूत म्हटलं होतं, एवढाच फरक.

तर तो आला. मी ओशाळून विषय काढला तेव्हा हसून म्हणाला, "टीचर, पंक्चर मैं निकालताच नै. टायरवाला अलग है, बाजू में. उसका काम मेरे को आता नै." मी ज्याला सगळ्यांत खालची पायरी समजत होते, तेही त्याच्या लेखी एक वेगळं कसब होतं.

आता कामाकडे येते. माझ्यासारख्या भाषेच्या बाईला समजलं तेवढंच सांगते.

टू स्ट्रोक रिक्षात ही चेन नसतेच. तिथे व्हॉल्व्ह नसतात. सिलेंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टनच वर-खाली होताना त्या उघडतो-झाकतो. फोर स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोल आत घ्यायला एक आणि धूर बाहेर टाकायला एक असे व्हॉल्व्ह वर बसवलेले असतात. ते नेमक्या वेळी उघडावेत म्हणून कॅम नावाचा दांडा फिरतो, आणि या दांड्याला खालच्या क्रँकशी बांधून ठेवते ती टायमिंग चेन. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक. म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते.

चेन सैल का झाली याचं उत्तर अब्बांकडेच होतं आणि त्यांनी ते कबूल केलं. त्यांची सगळी उमर टू स्ट्रोकवर गेली. तिथे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं, ते जळून जायचं, इंजिनाचं ऑइल बदलायचा प्रश्नच नाही. मग हवेची ओरड सुरू झाली. दिल्लीत 28 जुलै 1998 ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, जुन्या रिक्षा-टॅक्सी काढा, स्वच्छ इंधन आणा. हळूहळू फोर स्ट्रोक आमच्याकडेही आल्या. गाडी बदलली, सवय तीच राहिली. फोर स्ट्रोकमध्ये ऑइल खाली साठलेलं असतं आणि चेन त्याच ऑइलवर जगते. ते काळंकुट्ट होईपर्यंत अब्बा चालवत राहिले. "मैं समझा कम हुआ तो डालना, बस," म्हणाले. नवं यंत्र हातात देताना त्याची भाषा चालवणाऱ्याला कुणी शिकवली नाही. रिक्षावाल्याला कोण शिकवणार?

सकाळी नऊला काम सुरू झालं. आदल्या दिवसापासून इंजिन थंड. पंख्याची हवा इंजिनावर नेणारं पत्र्याचं आवरण निघालं, मग प्लग, मग डोक्यावरचं झाकण. आत पाहिलं तर दोन छोटे हात आणि त्यांच्याखाली कॅम. त्यानं क्रँक हातानं सावकाश फिरवला आणि एका जागी थांबला. पिस्टन अगदी वर, खालची खूण खुणेसमोर, वरच्या चाकाची खूण तिच्या जागी, आणि दोन्ही टॅपेट बोटानं हलवले तर सैल. पिस्टन दोनदा वर येतो, त्यातली बरोबर वेळ हीच, हे टॅपेट सांगतात. त्यानं मोबाइलवर फोटो काढला. हाताखालच्या पोराला म्हणाला, "अब यहाँ से कुछ हिला तो तू और मैं दोनों गए."

टेन्शनर काढला. चेन झिजून लांब होत जाते तसा हा मागून दाबून तिला ताणून धरतो. याचा दांडा पूर्ण बाहेर येऊन बसला होता, पुढे जायला जागाच उरली नव्हती. वरचं चाक सोडवण्याआधी त्यानं चेनला तार बांधली, नाहीतर ती आत पडते आणि मासेमारी करावी लागते. उघड्या भोकात फडकं कोंबलं, बोल्ट पडू नये म्हणून.

इथे एक जवळचा रस्ता असतो. चेन वरच्या वर कापायची, तिच्या टोकाला नवी अडकवायची, ओढून घ्यायची आणि वरच रिव्हेट मारून जोडायची. तासाभराचं काम. त्यानं ते केलं नाही. खालच्या बाजूचं झाकण आणि आड येणारं सगळं उतरवून अख्खी चेन काढली, कारण खालच्या चाकाचे दाते आणि चेन ज्यावरून सरकते त्या पट्ट्या पाहायच्या होत्या. पट्टीला खोल चर पडली होती. नुसती चेन टाकली असती तर आवाज चार दिवस गेला असता.

मग त्यानं एक गोष्ट केली जी माझ्या डोक्यातून जात नाही. भिंतीच्या एकाच खिळ्याला जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी टांगली. जुनी तीन मिलिमीटर खाली उतरली होती. तीन मिलिमीटर! एवढ्यासाठी इंजिन खोललं? त्यानं पोराला सांधे मोजायला लावले, शंभराच्या आसपास भरले. टांगलेली चेन दुहेरी, म्हणजे पूर्ण घेरात सहा मिलिमीटर वाढली. सहा भागिले शंभर. म्हणजे प्रत्येक सांध्यात केसाएवढी झीज. एका सांध्याची झीज नखालाही लागणार नाही, शंभर सांध्यांची मिळून टेन्शनर हरला.

पुढचं गणित मी घातलं, कागदावर. वरच्या चाकाला 30 दाते धरले तर एक दाता म्हणजे 12 अंश. चेन एक दाता सरकली की कॅम 12 अंश चुकला, आणि क्रँक दुप्पट फिरत असल्यानं त्याच्या हिशेबात 24 अंश. मी विचारलं, बरोबर? तो म्हणाला, अंश-बिंश मला माहीत नाही टीचर, पण एक दात गेला तर गाडी ओढत नाही, आणि जास्त गेले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो आणि वाकतो. दोघंही एकच बोलत होतो. माझ्याकडे अंश होते. त्याच्याकडे वाकलेले व्हॉल्व्ह होते, डब्यात जमा करून ठेवलेले. आठवीच्या गुणोत्तराच्या धड्यात यातलं काहीच नाही. तिथे अजूनही दोन नळ एक टाकी भरतात.

उर्दूत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. गॅरेजातही मुख्य मिस्त्रीला उस्तादच म्हणतात, आणि शिकणारा दोन्हीकडे शागिर्द. जीभ दोघांना एकाच गादीवर बसवते. समाज म्हणून आपण एकाला खुर्ची दिली आणि दुसऱ्याची धमकी केली.

आदल्या रात्री मी टायमिंग चेनबद्दल शोधत होते तेव्हा मोबाइलवर आधी इसेटा भेटली. ती छोटी, अंड्यासारखी गाडी, जिचं दार समोरून उघडतं. मूळची इटलीची, पुढे जर्मनीत बीएमडब्ल्यूनं बनवली. 1957 पासून इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात तिचा तीनचाकी अवतार तयार होई, कारण तीन चाकं असली की कर कमी आणि मोटारसायकलचं लायसन्स चालायचं. एकच सिलेंडर, आणि कॅम फिरवायला आत तशीच चेन. आपली रिक्षाही वंशानं पियाजिओच्या आपेची, म्हणजे दोघींचं माहेर इटलीच. तिकडे एखादा गृहस्थ इसेटाची झिजलेली चेन बदलतो. हातांना तेच काळं ऑइल, तीच तार, त्याच खुणा. त्याला लोक वारसा जपणारा म्हणतात, त्याच्या हातातल्या जुन्या माहितीपुस्तकाला किंमत असते. तेच काम माझ्या अंगणात झालं तर करणारा नापास मुलगा असतो. काम एकच. करणाऱ्याचं नाव, मोहल्ला आणि मार्कशीट बदलली की त्याची इज्जत बदलते.

हे मी स्टाफरूममध्ये बोलले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं जे ऐकवलं ते टाळण्यासारखं नाही. ते म्हणाले, "आपा, म्हणजे आपल्या पोरांनी मिस्त्रीच राहायचं का? इतर लोक आपल्या मुलांना आयआयटीत पाठवतात आणि आपण पाना हातात देऊन त्याचं कौतुक करायचं?" त्यांचा राग खरा आहे. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही हेच दिसतं की मुस्लिम कामगार स्वयंरोजगारात, वाहतुकीत, गाड्यांच्या दुरुस्तीत जास्त आणि पगारी, सुरक्षित नोकरीत कमी. हे काही हौसेनं निवडलेलं नाही. गॅरेजचं गोड चित्र रंगवून मला कुणाचंही पोर शाळेतून काढायचं नाही. त्या दिवशी आलेल्या पोराला मी पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. सतरा, दहावी झालेली. चौदाच्या आतला असता तर चेन तशीच टांगलेली ठेवून मी त्याला आधी घरी सोडलं असतं.

पण सहकाऱ्यांना माझा उलटा प्रश्न आहे. ज्या मुलानं केसाएवढी झीज खिळ्याला टांगून दाखवली, तो आयआयटीत का गेला नाही? हात मिस्त्रीचे होते म्हणून? की नववीच्या वर्गात त्याच्या हातात काय आहे हे पाहणारं कुणी नव्हतं म्हणून? त्या वेळी तो चुलत्याच्या गॅरेजात संध्याकाळी बसायचा हे मला माहीत होतं. मी त्याला "माझा आवडता पक्षी" यावर दहा ओळी लिहायला सांगत होते. "इंजिन कसं खोलतात" यावर लिही, असं एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर वही कोरी राहिली नसती असं मला वाटतं. निदान मराठीत पास झाला असता.

बीएडला आम्हाला नई तालीम होती. पाच मार्कांची टीप. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जामियाचे डॉ. झाकिर हुसेन. मुसलमान म्हणून त्यांचं नाव आम्ही अभिमानानं पाठ केलं, पुढे राष्ट्रपती झाले हेही पाठ केलं. त्यांनी सांगितलं काय ते परीक्षेपुरतं ठेवलं. त्यांचं म्हणणं मुलाला सुतार करा असं नव्हतं. हस्तोद्योगातून गणित, भाषा, समाज शिकवा असं होतं. माझ्या अंगणातल्या भिंतीवर नेमकं तेच टांगलेलं होतं, फक्त चरख्याच्या जागी रिक्षा होती.

आता 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत, स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकायचे. उदाहरणं दिली आहेत सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी. बहुतेक शाळांत या दिवसांची रांगोळी आणि कागदी फुलं होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत नऊ गॅरेज आहेत, तिथे जाऊ. मुलांनी चेन मोजावी, दाते मोजावेत, गुणोत्तर काढावं, मिस्त्रीची मुलाखत घेऊन ती मराठीत लिहावी. मुलींनीही. मी पंचेचाळिशीत पहिल्यांदा टॅपेटला बोट लावलं, त्यांना एवढं थांबायची गरज नाही.

आणि एक भाषेचं. नव्या चेनच्या खोक्यात इंग्रजी कागद होता. त्यानं तो मला वाचायला दिला, सहज, जसं म्हातारी पत्र वाचायला देते. त्यात बोल्ट किती जोरानं आवळायचे ते आकडे होते. तो आजवर मनगटाच्या अंदाजानं आवळत आला आहे. अंदाज चांगला आहे, पण कागद त्याला कळला असता तर त्याला अंदाजाची गरज पडली नसती. इथून वाळूज हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या बजाजच्या कारखान्यातून तीनचाकी बाहेर पडतात, आणि त्या दुरुस्त करणाऱ्याला वाचता येईल असं चार पानांचं पुस्तक मला ना मराठीत दिसलं ना उर्दूत. हे लिहिणं इंजिनिअरचं काम आहे असं आपण समजतो. मला वाटतं ते आमचंही आहे, भाषा शिकवणाऱ्यांचं.

दुपारी अडीचला सगळं बसलं. खुणा जुळल्या, चेन चढली, टेन्शनर आला, तार सुटली. पोरगा लिव्हर ओढायला धावला तसा त्यानं त्याचा हात धरला. आधी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे, हळू, कुठे अडतोय का ते बोटांना कळेल असा. अडलं तर चूक हातातच सापडते, इंजिननं फिरवलं तर व्हॉल्व्ह जातो. दोन फेऱ्यांनी खुणा पुन्हा समोरासमोर आल्या. मग पातळ पत्र्याच्या मापानं टॅपेट लावले, झाकणाला नवं पॅकिंग, नवं ऑइल. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. अब्बांनी कानातलं मशीन काढून इंजिनाजवळ डोकं नेलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

मजुरीवरून वाद झाला. तो टीचरकडून घेणार नव्हता. अब्बांनी त्याच्या खिशात पैसे कोंबले आणि म्हणाले, "टीचर से मत ले. गाड़ी मेरी है."

त्या दोन आठवड्यांत मी हे सगळं काम दोन पानांत लिहून काढलं, एक मराठीत, एक उर्दूत, चित्रांसह. मराठीचं पान त्याला वाचायला दिलं. त्यानं बोट ठेवत, अडखळत, पण पूर्ण वाचलं. दोन चुका काढल्या. मी टेन्शनर आधी बसवला होता, तो शेवटी बसतो. आणि "साखळी" खोडून "चेन" केलं. "साखळी" विहिरीच्या बादलीला असते, म्हणाला.

दहा दिवसांचा अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे. त्यांनी विचारलं, मुलांना लागलं-बिगलं तर जबाबदारी कुणाची? रास्त प्रश्न आहे, पालकांची संमतीपत्रं मी तयार करते आहे. गॅरेजवाल्याचीही एक अट आहे. पोरं नुसती उभी राहून बघणार असतील तर आणू नका, म्हणाला. जुनं इंजिन तो खोलायला देईल, पण हात त्यांनीच काळे करायचे.